म्हाताऱ्या माणसाला कॅज्युअल्टीत नेलंय? आधी घड्याळ बघा

मागच्या मार्गशीर्षात एका रात्री साडेबाराला आत्याला रिक्षात घालून कोल्हापुरात शिवाजी पेठेतून दवाखान्यात नेलं. वय ७६, बीपी आणि शुगर दोन्ही, आणि तक्रार काय तर "पोटात कसंतरी व्हायलंय रे, घाम सुटलाय." छातीत दुखतंय का म्हणून विचारलं तर नाही म्हणाली. तिथं एक इसीजी काढला, बीपी ११०/७० आलं, ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले बीपी एकदम झकास आहे, गॅस झालाय, वय झालं की होतंय असं, आणि पँटॉपचं, म्हणजे ॲसिडिटीचं, इंजेक्शन देऊन दोनच्या सुमाराला आम्हाला घरी पाठवलं. सकाळी नऊला बाथरूमपर्यंत जाताना तिला धाप लागली, दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर हार्ट अटॅक, तो पण रात्रीपासून सुरू असलेला. वाचली, पण हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय आणि जिन्याच्या आठ पायऱ्या चढायला तिला दोनदा बसावं लागतं.

दवाखान्याचं नाव सांगणार नाही, केस चालू आहे. पण या सगळ्यात मी जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडं प्रत्येक घरात एक तरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे आणि रात्री कधी ना कधी कॅज्युअल्टीची पायरी चढावी लागतेच. निदान चुकलं का, चुकलं तर कुणाची किती चूक, हे सगळं शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबतं, कधी काय झालं. किती वाजता आणलं, किती वाजता इसीजी, किती वाजता कुणी काय सांगितलं. ही वेळ कागदावर नसेल तर तुम्ही कितीही खरं बोला, समोरचा वकील हसतोय.

घरातनं निघायच्या आधी

एक कागद आत्ताच तयार करून फ्रिजवर चिकटवून ठेवा, आजारी पडायची वाट बघू नका. त्यावर रोजच्या गोळ्यांची नावं, कशाची ॲलर्जी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या माणसाचं नेहमीचं बीपी किती असतं ते. आमची चूक इथंच झाली. आत्याचं बीपी गोळ्या खाऊन पण १६० च्या आसपास असायचं, त्या रात्री ११० आलं म्हणजे ते झकास नव्हतं, तिच्या मानानं ते खाली आलेलं होतं, पण डॉक्टरांना ते कळणार कुठनं, आणि मला सांगायचं सुचलं नाही.

गोळ्यांचं पण तसंच. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल असल्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आत काहीही बिनसलं तरी नाडी फारशी वाढत नाही, म्हणून "पल्स नॉर्मल आहे" यावर निर्धास्त राहू नका. गुडघेदुखीच्या गोळ्या किंवा स्टेरॉईड चालू असेल तर दुखणं आणि ताप दोन्ही झाकले जातात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात वर, लाल पेनानं लिहा. शुगरला ग्लिमेपिराइड असेल तर तेही सांगा, त्यानं साखर उतरली की एकदा ग्लुकोज देऊन वर आली तरी काही तासांनी परत उतरू शकते, अशा पेशंटला लगेच घरी आणायचं नसतंय.

दुसरं म्हणजे मोबाईलवर वेळ टिपा, "शेवटचं ठीकठाक कधी बघितलं". लकव्याची शंका असेल, तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोबडं बोलणं, किंवा अचानक तोल जाणं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास मोजतात शेवटचं ठीक बघितलं तिथनं. रात्री दहाला झोपले आणि पहाटे पाचला उठले तेव्हा असं दिसलं, तर घड्याळ दहापासूनच धरतात, पाचपासून नाही. तरी पण वेळ गेली म्हणून घरी बसू नका, काही पेशंटमध्ये स्कॅन बघून पुढं पण काही करता येतं. आणि अशा वेळी भावाची गाडी, शेजाऱ्याची रिक्षा बघत बसू नका, १०८ लावा.

कॅज्युअल्टीत

म्हाताऱ्या माणसाचं दुखणं पुस्तकातल्यासारखं येत नाही, गोची आहे ती इथं. तरुणाला अटॅक आला तर छाती धरून बसतो, म्हातारीला, त्यात शुगर असेल तर, नुसता घाम, मळमळ, धाप, गळून गेल्यासारखं, कधी कधी नुसतं गडबडल्यासारखं बोलणं, छातीत दुखत नाहीच. म्हणून सत्तरीच्या पुढं "गॅस" हे निदान शेवटी काढायचं, आधी हृदय बघायचं. पेशंट आत गेल्यापासून १० मिनिटात इसीजी झाला पाहिजे ही जगभर मानलेली पद्धत आहे. आणि एक इसीजी ठीक आला म्हणजे अटॅक नाही असं होत नाही. त्रास चालूच असेल तर थोड्या थोड्या वेळानं परत काढावा लागतो, आणि रक्तातली ट्रोपोनिन टेस्ट, हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी, ती पण एकदा करून भागत नाही, काही तासांनी परत करावी लागते कारण ते रक्तात यायलाच वेळ लागतो. आत्याला एकच इसीजी काढला आणि ट्रोपोनिन केलंच नाही.

तिथं भांडायचं नाही, विचारायचं. मी आता असं विचारतो, "डॉक्टर, गॅसच आहे हे कशावरनं? सगळ्यात वाईट काय असू शकतं आणि ते नाही हे कशावरनं ठरवलं?" दोनच प्रश्न, आवाज न चढवता. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही, उलट थांबून परत बघतो. ड्युटीवर कोण आहे, फिजिशियनला फोन केलाय का, हे पण विचारायला लाजू नका, रात्रीचे बरेच निर्णय फोनवरच होतात.

बाकीच्या चार गोष्टी ज्या म्हाताऱ्यांच्यात हुकतात त्या पटापट सांगतो. एक, इन्फेक्शन अंगभर पसरलेलं असतं आणि ताप नसतो, उलट अंग गार, नुसतं बडबडणं किंवा गप्प पडून राहणं. श्वास मोजा, मिनिटाला २२ च्या वर गेला तर सांगा. दोन, पोट. म्हाताऱ्यांचं पोट आत काही फुटलं तरी दगडासारखं कडक होईलच असं नाही, हात लावला तर मऊ, आणि माणूस मात्र वेदनेनं तळमळतोय, त्यात हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद झालाय का हे बघायला लागतं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच "मुतखडा" निघाला म्हणत असतील तर पोटातल्या मोठ्या धमनीची सोनोग्राफी करा म्हणावं, ती फुगून फुटायला आलेली असली की अगदी खड्यासारखंच दुखतं. तीन, पडणं. मोरीत पडली, डोक्याला लागलं, तेव्हा काही नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी झोपाळू व्हायला लागली, तर डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं, रक्त पातळ करायची गोळी असेल तर जास्तच. एक्स-रे साफ आला पण पाय टेकवतच नाही, तर खुब्याचं बारीक फ्रॅक्चर एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, सीटी किंवा एमआरआय लागतो.

चौथी सगळ्यात जास्त हुकते. काल संध्याकाळपर्यंत पेपर वाचणारा माणूस आज नातवाला ओळखत नाही, आणि सगळे म्हणतात वय झालंय, विसरभोळेपणा आलाय. विसरभोळेपणा महिन्या-वर्षांनी येतो, एका रात्रीत येत नाही. एका रात्रीत आला तर सोडियम उतरलंय, लघवीचं इन्फेक्शन आहे, साखर उतरलीय, डोक्यात काहीतरी झालंय, असलं काही शोधायलाच पाहिजे. "हे असं कालपासून आहे, आधी असं नव्हतं" हे वाक्य डॉक्टरांना घरच्यांनीच सांगायचं असतं, कारण त्यांनी त्या माणसाला काल बघितलेलं नसतं. आणि सांगितलं की म्हणायचं, "हे केस पेपरवर लिहा की."

घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथंच काउंटरला उभं राहून वाचा, गाडीत नाही. त्यावर आल्याची आणि सोडल्याची वेळ आहे का, सोडताना बीपी, पल्स, ऑक्सिजन किती होतं ते आहे का, काय झालं तर परत यायचं ते लिहिलंय का. आमच्या कार्डावर तारीख होती आणि वेळेच्या जागी नुसती रेघ.

एक ओळ खास बघा, "नातेवाईकांच्या विनंतीवरून डिस्चार्ज". तुम्ही असं म्हटलं नसेल आणि तरी ते लिहिलं असेल तर सही करू नका, किंवा सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहा की डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नेतोय. ही एक ओळ पुढं सगळी केस खाते. रात्री दोन वाजता, म्हातारी कण्हत असताना, कोण वाचतंय म्हणा, पण वाचा.

आणि इसीजीची पट्टी. तो कागद बिलाच्या पावतीसारखा असतो, उष्णतेवर छापलेला. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला की पुसट होत जातो. आमची पट्टी मी मोठ्या काळजीनं प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवली आणि तीन महिन्यांनी काढली तर फिकट गुलाबी जाळी तेवढी राहिलेली, रेषा नाहीच. वाचवलं ते एका फोटोनं. त्या रात्री मी सहज पुण्याच्या आतेभावाला पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता, बरं आहे म्हणतात गॅस आहे, असं लिहून, आणि त्या मेसेजवर वेळ होती १:०४. तोच फोटो पुढं एका ओळखीच्या फिजिशियननी मोठा करून बघितला आणि म्हणाले, खालच्या लीडमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाच्या रेषेत, थोडं उचललेलं दिसतंय, पण हे कुणाच्याही नजरेतनं सुटू शकतं, खरा प्रश्न हा आहे की दुसरा का काढला नाही. म्हणून सगळ्या कागदांचे फोटो तिथल्या तिथं काढा, पट्टीची झेरॉक्स करा, आणि तो मोबाईल बदलायची घाई करू नका.

चूक झाली असं वाटलं तर

पहिलं, काचा फोडायच्या नाहीत. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, डॉक्टरांवर हात टाकला किंवा दवाखान्याची मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची बाजू खरी असली तरी त्या दिवसापासनं आरोपी तुम्ही.

दुसरं, केस पेपर मागा. साध्या कागदावर अर्ज, पेशंटचं नाव, तारीख, "सर्व केस पेपर, नर्सिंग नोट, इसीजी, तपासण्या, औषधांचा चार्ट यांच्या प्रती मिळाव्यात", दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का आणि तारखेसहित पोच घ्यायची. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणं मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि ॲडमिट पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवावे लागतात. घेत नाहीत म्हटले तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. कागद आले की नर्सिंग नोट आधी वाचा. डॉक्टर दोन ओळी लिहितात, सिस्टर वेळेसकट लिहितात. आमच्यात डॉक्टरांच्या नोटमध्ये "पेशंट कम्फर्टेबल" होतं आणि सिस्टरनी दीड वाजता लिहिलं होतं, "घाम येतोय, मळमळ, डॉक्टरांना कळवले." त्या माउलीचं नाव मला माहीत नाही पण आमचा अर्धा पुरावा तिचा आहे.

आता कडू गोष्ट. माणूस गेलं असेल आणि कारणाची शंका असेल तर पोस्टमॉर्टेम त्याच दिवशी मागावं लागतं. आपल्याकडं सकाळी गेलं तर दुपारी पंचगंगेवर शेणी रचून झालेल्या असतात, आणि "तपासायला पाहिजे होतं" हे लोकांना रक्षाविसर्जनाला सुचतं. मग काही उरत नाही. घरच्यांना फाडफाड नको वाटते, मान्य आहे, निर्णय घरच्यांचाच, पण पोस्टमॉर्टेम नसेल तर मृत्यू त्याच कारणानं झाला हे सिद्ध करणं फार अवघड जातंय, हे माहीत असून निर्णय घ्या.

तिसरं, दुसऱ्या डॉक्टरांकडनं प्रामाणिक मत घ्या, तुमच्या बाजूनं बोलणारं नको. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं कायदा मानत नाही, ही गोष्ट पचवायला मला महिना लागला. त्या परिस्थितीत तेवढ्याच शिक्षणाच्या साध्या चांगल्या डॉक्टरनं जे केलं असतं ते यांनी केलं का, एवढंच बघतात. तपासून, विचार करून चुकले तर ती चूक माफ असते. करायची ती तपासणीच केली नाही तर ते वेगळं. आणि वर हे पण दाखवावं लागतं की उशिरामुळं नुकसान झालं. आत्याच्या बाबतीत ते सोपं गेलं कारण अटॅकमध्ये तासागणिक हृदयाचा स्नायू मरतो. नव्वदीच्या, आधीच पाच आजार असलेल्या माणसाचं तसं दाखवणं जड जातं, आणि वय जास्त, कमाई नाही म्हणून भरपाई पण कमीच धरतात, उगाच कोटीची स्वप्नं कुणी दाखवत असेल तर त्याच्या नादाला लागू नका.

कुठं जायचं

पैशाची भरपाई पाहिजे तर जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते हे ठरवलं, विम्यानं बिल भरलं असेल तरी बसते. तुम्ही दवाखान्याला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर केस जिल्ह्यात, आणि ती रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. २०१९ च्या कायद्यामुळं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या दवाखान्यावर पण कोल्हापुरात. मुदत दोन वर्षं. दोन वर्षं भरपूर वाटतात पण पेशंटचं करण्यात पहिलं वर्ष कसं जातं कळत नाही. वकील सक्तीचा नाही, पण डॉक्टरच्या बाजूनं वकील येणारच, म्हणून मी तरी वकील लावला. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला मिळत नाहीत ही सगळ्यांची रड आहे. त्यासाठी २०१० चा व्ही. किशन राव यांचा निकाल वकिलाला दाखवा. हे गृहस्थ स्वतः मलेरिया खात्यात अधिकारी, बायकोला थंडी वाजून ताप, आणि दवाखान्यात टायफॉईड म्हणून उपचार झाले, ती गेली. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो.

कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांना फुकट उपचार असतात तिथं ग्राहक आयोगात केस सहसा बसत नाही. तिथं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून कागद काढा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, अधिष्ठात्यांकडं लेखी तक्रार द्या, पुढं दिवाणी कोर्ट. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झालंय, मुंबईच्या फेऱ्या तरी वाचल्या.

डॉक्टरच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ते ताकीद देऊ शकतात, नोंदणी काही काळ काढून घेऊ शकतात, पैसे देत नाहीत. पोलीस केस मात्र सगळ्यात शेवटी. माणूस दगावलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासनं फार ढोबळ निष्काळजीपणा असल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घेतल्याशिवाय तो गुन्हा पुढं जात नाही. रागाच्या भरात आधी ठाण्यात गेलं आणि तिथं काही निघालं नाही, की तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्या विरुद्ध लावतात.

आमच्या चार तारखा झाल्यात. दवाखान्याचं म्हणणं लेखी आलंय, त्यात पेशंटला छातीत दुखत नव्हतं हा मुद्दा तीनदा लिहिलाय. मागच्या तारखेला आत्या हट्टानं आली, बाकावर बसून दम खाल्ला, आणि पिशवीतनं स्वतःचा कागद काढून वकिलाला दाखवला, "नेहमीचं बीपी १६०, गोळ्या पाच, ॲलर्जी नाही", नातवाकडनं मोठ्या अक्षरात लिहून घेतलेला. म्हणाली, हा आता मी देवळात जाताना पण घेऊन जाते. वकील म्हणाले, मावशी, याचं इथं काही काम नाही, पुढच्या तारखेला फक्त मूळ डिस्चार्ज कार्ड आणा, झेरॉक्स चालत नाही.